गोदाची सहाण

मृणाल बोरगावकर आजी झाली, पण नातीच्या टाळूचा वास कसा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. नातीला घ्यायचं तर भिंतीत बसवलेल्या काळ्या रबरी मोज्यांत दंडापर्यंत हात घालावे लागत, आणि ते मोजे पलीकडे निघत. पलीकडे लेक रेवा बसलेली असे. ती बाळाला त्या रबरी हातांवर अलगद ठेवायची. मृणालला ऊब लागायची, वजन लागायचं, पोरीने पाय झाडले की तेही कळायचं. बाकी सगळं काचेतून.

बारसंसुद्धा असंच झालं. पाळण्याच्या एका बाजूला रेवा आणि दुसऱ्या बाजूला भिंतीतून निघालेले दोन काळे हात. गोविंद-गोपाळ म्हणत बाळ पाळण्यावरून गेलं, खालून आलं. आतल्या वीस-बावीस मंडळींनी टाळ्या वाजवल्या, घुगऱ्या खाल्ल्या. नाव ठेवलं गोदावरी, हाक मारायला गोदा. जिच्या नशिबात नदी दिसणं नाही तिला नदीचं नाव, असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. तेव्हा तसं कुणाला वाटतही नव्हतं.

ही जागा लोणारपासून थोड्या अंतरावर, काळ्या खडकाच्या माळावर होती. कागदोपत्री तिला एका श्वासात न मावणारं नाव होतं. आसपासच्या गावांनी तिला ‘मंगळवाडी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. मंगळावर पहिली वसाहत धाडण्याआधीची रंगीत तालीम इथे चालली होती. काचेचं आणि पोलादाचं एक प्रचंड घर, आणि त्याचं दार बाहेरून आतून बंद. श्वासाची हवा तीच, पाणी तेच, भाजी आतच पिकवायची आणि जे काही शरीरातून बाहेर पडेल ते पुन्हा मातीत घालायचं. रेवा शेतीशास्त्रज्ञ, तिचा नवरा निहार डॉक्टर. दोघं सहा वर्षांपूर्वी आत गेली ती फक्त तालमीपुरती. मंगळावर जाण्याची हौस दोघांनाही नव्हती. दिवाळीनंतर दार उघडणार आणि गोदा आजीच्या घरी येणार, हे ठरलेलं होतं. मृणालने मेहकरच्या घरात खिडकीजवळची खोली रंगवून घेतली होती, दाराशी पारिजातक लावला होता, आणि शेजारपाजारच्या बायकांना नातीचं कौतुक सांगून सांगून वीट आणला होता.

मृणाल स्वतः मंगळवाडीच्या जंतुविभागाची प्रमुख. सहकारी तिला जंतूंची कारभारीण म्हणायचे. आपल्या कामाबद्दल तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

अभिमान वाटावा असंच ते काम होतं. मंगळाची माती विषारी आहे. तिच्यात परक्लोरेट नावाचे क्षार असतात, आणि त्या मातीत पिकवलेलं खात राहिलं तर माणसाची थायरॉइड ग्रंथी कामातून जाते. हे क्षार फोडणारे जंतू निसर्गात आहेत. मृणालच्या गटाने त्यातल्या एकात फेरफार करून तो जास्त चिवट, जास्त खादाड केला. मातीतलं विष तो फस्त करी आणि वर त्यातून प्राणवायू मोकळा करी. आतली मंडळी लाडाने त्याला ‘चाट्या’ म्हणत. लोणारच्या काळ्या खडकाची भुकटी, त्यात मुद्दाम मिसळलेले क्षार आणि चाट्या, एवढ्यावर रेवाने आत मेथी पिकवून दाखवली तेव्हा सगळ्या जगातून फोन आले होते.

चाट्या कामाचा होता, पण शेजारधर्म त्याला माहीत नव्हता. माणसाच्या आतड्यात आणि कातडीवर शेकडो जातींचे जंतू राहतात. बाहेरच्या जगात माती, गुरं, शेजारी, बाजारातली भाजी यांच्याकडून त्यांची भर सतत पडत असते. बंद घरात ती भर थांबली. वर्षागणिक एकेक जात नाहीशी होत गेली आणि प्रत्येक रिकाम्या जागेत चाट्या जाऊन बसला. आधी मातीत, मग नळांत, मग माणसांत. माणसं मात्र ठणठणीत होती. मृणालने ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घातली, त्यांनी माना डोलावल्या, आणि कुणी आजारी पडत नाही म्हटल्यावर तीही निर्धास्त झाली.

गोदा तीन महिन्यांची झाली आणि संध्याकाळ झाली की पोट आवळून रडायला लागली. निहारने तपासलं, काही सापडलं नाही. आतल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आले. एका रविवारी रेवा विस्कटलेल्या केसांनी काचेशी आली आणि आपण लहान असताना आजी काय द्यायची म्हणून विचारू लागली. मृणालच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघराचा ओटा उभा राहिला. वेखंड, हिरडा, बेहडा, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ. एकाचा एक वेढा, दुसऱ्याचे दोन, सहाणेवर दुधात उगाळून बोटाने चाटवायचं. बाळगुटी. तिच्या आईने रेवाला दिली होती, आजीने मृणालला.

सहाणही तीच होती. गोल, जड, मधोमध झिजून खळगा पडलेली.

आत जाणारी प्रत्येक वस्तू किरणांच्या पेटीतून जायची, म्हणजे तिच्यावरचा एकूण एक जंतू मरायचा. नियम मृणालनेच केलेला. मुळ्या आणि फळं तिने पेटीत ठेवली. सहाण हातात घेतली आणि थांबली. त्या दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत तिच्या घराचे जंतू होते. अंगणातल्या धुळीतले, दुधातले, चार पिढ्यांच्या बोटांवरचे, सगळे निरुपद्रवी. पोर काही महिन्यांनी याच घरात यायची आहे, तर आधीच थोडी ओळख झालेली बरी. आतल्या जंतूंच्या जाती आटत चालल्या आहेत हे तर ती आकड्यांत रोज पाहत होती. एरवी मृणालमधली आजी आणि मृणालमधली शास्त्रज्ञ यांचं फारसं जमत नसे. त्या दिवशी दोघींचं एकमत झालं. सहाण किरण न लावता आत गेली. विभागप्रमुखच सामान पाठवतेय म्हटल्यावर तिला विचारणार कोण?

पहिल्या दिवशी गोदा शांत झोपली. रेवाने काचेआडून अंगठा वर करून दाखवला. मृणाल घरी जाताना गाडीत गुणगुणत होती.

चौथ्या दिवशी गोदाच्या अंगावर लाल चट्टे उठले. ताप चढला, ओठ काळेनिळे झाले, श्वास घेताना छाती भात्यासारखी होऊ लागली. निहारने तिला नळ्या लावल्या. आतून निरोप आला तेव्हा बाहेर कारण माहीत होतं ते एकट्या मृणालला. तिने ताबडतोब निहारला सांगितलं. सहाणेचं सांगितलं, पेटीचं सांगितलं, काही लपवलं नाही. तो सहाण उचलून तपासायला घेऊन गेला.

गोदा वाचली. आठवडाभर तिचा जीव टांगणीला लागला होता, पण वाचली. तिच्या रक्तात निहारला जो जंतू सापडला त्याचं नाव मृणालने दोनदा वाचलं. तो मातीतला अगदी साधा जंतू होता. तुमच्याआमच्या हातांवर, कुंड्यांत, न धुतलेल्या कोथिंबिरीवर असतो तोच. त्याने आजवर कुणाचं वाकडं केलं नव्हतं. रोग जंतूने केलाच नव्हता. गोदाच्या शरीराने त्याला शत्रू समजून असं युद्ध पेटवलं की त्यात तिचंच शरीर जळायला लागलं.

मग निहारने तिच्या रक्ताचे थेंब नळीत घेऊन त्यांना बाहेरचे जंतू एकेक करून दाखवले. दह्यातला दाखवला, गाईच्या अंगावरचा दाखवला, मृणालच्या स्वतःच्या तळहातावरचे दाखवले. दर वेळी तेच युद्ध. बाळाचं शरीर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आपलं कोण आणि परकं कोण हे शिकून घेतं, आणि मग ती शाळा कायमची बंद होते. त्या शाळेत गोदाला चाट्या आणि त्याचे चार साथीदार एवढेच भेटले होते. मोठी माणसं बाहेरचं शिकूनच आत गेली होती, त्यांना केव्हाही बाहेर येता येईल. आत जन्मलेल्याला नाही. औषधांनी दाबून पाहिलं, कणाकणाने सवय लावून पाहायचाही प्रयत्न नळीत झाला. प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट झालं.

त्या रविवारी मृणाल मोज्यांत हात घालायला धजेना. रेवाच काचेशी येऊन बसली. ती ओरडली नाही, रडलीही नाही, आणि ते मृणालला जास्त लागलं.

“तू पाठवली नसतीस तर दिवाळीनंतर आम्ही तिला घेऊन बाहेर आलो असतो, आई,” रेवा म्हणाली. “तुझ्या अंगणात जीव गेला असता तिचा.”

एवढं बोलून तिने गोदाला उचललं आणि रिकाम्या मोज्यांसमोर धरलं. मृणालने हात घातले. पोरीने रबरी अंगठा मुठीत पकडला आणि ती हसली.

दुसऱ्याच दिवशी संचालक शिराळकरांनी मृणालला बोलावलं. शिराळकर म्हणजे गोड बोलणारा, लोकांच्या मुलाबाळांची नावं लक्षात ठेवणारा माणूस. त्यांनी स्वतः चहा ओतून दिला, गोदाची चौकशी केली आणि नियम मोडल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मृणालने निष्कर्ष मांडले. वसाहतीत जन्मलेलं एकही मूल पृथ्वीवर परत येऊ शकणार नाही, हे जाहीर करायला हवं, म्हणाली. शिराळकर शांतपणे ऐकत होते. त्यांना धक्का बसलेला नाही हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. तिने सरळ विचारलं तेव्हा ते म्हणाले की खालच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांत हे पूर्वीच दिसलं होतं, माणसातही होईल असा अंदाज होता, पण खात्री नव्हती. आता खात्री झाली.

“आणि तुम्ही रेवाला सांगितलं नाहीत,” मृणाल म्हणाली.

“माणूस मंगळावर राहील का, असं सगळे मला विचारतात, मॅडम,” शिराळकर म्हणाले. “परतीची वाट उरली नाही की माणूस कुठेही राहतो.”

मग त्यांनी पुढचं मोजून मापून सांगितलं. महिनाभरात मान्यता समिती बसेल. वसाहतीची जंतुप्रमुख म्हणून तिला एक प्रश्न हमखास विचारला जाईल, तिथे जन्मणारी मुलं परत येऊ शकतील का. ती नाही म्हणाली तर मोहीम रद्द होईल. कोणतं सरकार असल्या गोष्टीला पैसा देईल? मोहीम रद्द म्हणजे मंगळवाडी बंद. हे काचघर, ही यंत्रं, ही हवा, एका मुलीसाठी किती वर्षं चालवणार कोण? एक वर्ष, दोन वर्षं लोक हळहळतील, फोटो छापतील. नंतर? शिराळकर कुठेही धमकी दिल्यासारखं बोलले नाहीत. तिच्याच मनात आलेला हिशेब त्यांनी तिला मोठ्याने वाचून दाखवला, इतकंच. मृणालचा चहा तसाच राहिला.

तिने सगळं रेवाला सांगितलं. निहारही बसला होता. त्याचं मत होतं की खरं सांगावं आणि गोदासाठी कोर्टात जावं, कुणीतरी माणुसकी दाखवेलच. रेवा मेथीच्या वाफ्यातली पिवळी पानं खुडत होती. तिने निहारला विचारलं की माणुसकीवर हवेचा पंप किती दिवस चालतो.

“मी तिला घेऊन जाते, आई,” रेवा म्हणाली. “तिथे हीच हवा असेल, हीच माती, हेच जंतू. तिथे ती परकी नसेल.”

ज्या मंगळाचं तिला कधी प्रेम वाटलं नव्हतं तो आता तिच्या लेकीच्या जिवाला मानवणारी एकुलती एक जागा झाला होता. मृणालने दुसऱ्यांच्या मुलांचं काय असं विचारलं. उद्या शेकडो जोडपी जातील, हौसेने जातील, चार वर्षांनी सुट्टीला येऊ म्हणून जातील.

“तुला खरं बोलायचं असेल तर बोल. मी आयुष्यभर तुला दोष देणार नाही,” रेवा म्हणाली. “फक्त आधी मला सांग, गोदाला कुठे ठेवू?”

मृणालने मोज्यांत हात घालून गोदाला जवळ घेतलं.

समितीची बैठक मुंबईत होती. थंडगार दालन, लांब टेबल, अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश बाई. मृणालने चाट्याबद्दल सांगितलं, मातीबद्दल सांगितलं, मेथीचे फोटो दाखवले. सगळं खरं होतं आणि ती छान बोलत होती. शेवटी अध्यक्ष बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि अगदी घरगुती स्वरात विचारलं, “तिथे जन्मलेली लेकरं आजी-आजोबांना भेटायला येऊ शकतील ना?”

मृणालने टेबलाखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते. चाळीस वर्षांच्या नोकरीत तिने एकदाही चुकीचा आकडा लिहिला नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर शेकडो मुलं आणायचा प्रयत्न तिने केला, खरोखर केला. पण त्या मुलांना चेहरे नव्हते. एकीलाच होता.

“येऊ शकतील,” ती म्हणाली.

बाहेरच्या व्हरांड्यात पहिल्या तुकडीसाठी निवड झालेली काही जोडपी थांबली होती. मान्यता मिळाल्याचं कळताच एकमेकांना मिठ्या मारत होती, घरी फोन लावत होती. त्यातली एक साताऱ्याकडची मुलगी मृणालजवळ आली. नाव सांगितलं स्वरांगी, कामाने वेल्डर, लग्नाला एक वर्ष झालेलं. तिने मृणालच्या मुलाखती पाहिल्या होत्या. तिला एक शंका होती आणि ती विचारायला ती लाजत होती. मग तिने पिशवीत हात घातला आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड बाहेर काढलं.

“आईनं बळंच घातली बघा, मॅडम,” ती हसून म्हणाली. “तिकडं बाळ झालं तर गुटी कशात उगाळशील म्हणून. वजनात बसतीय, मी बघितलंय. न्यावी का?”

सहाण होती. गोल, मधोमध खळगा पडलेली. मृणालने ती हातात घेतली तेव्हा दगड पोरीच्या अंगच्या उबेने कोमट होता. खरं सांगायची वेळ अजून टळली नव्हती. दालनाचं दार चार पावलांवर होतं आणि न्यायाधीश बाई अजून आतच बसलेल्या होत्या.

“नको नेऊस,” मृणाल म्हणाली. “माझ्याकडे राहू दे. परत आलीस की घेऊन जा.”

मुलीचा चेहरा खुलला. आईला आता काय सांगायचं हा प्रश्न सुटला होता. ती तिथेच वाकून पाया पडली, आणि मृणालने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गोदा मंगळाकडे निघाली त्या दिवशी तिला अजून वर्ष व्हायचं होतं. काचघराच्या दाराला सीलबंद गाडी येऊन भिडली होती, बाहेरच्या हवेचा कणसुद्धा तिला लागणार नव्हता. तुकडीतल्या बाकीच्यांचे बाहेरचे जंतू औषधांनी आधीच काढून त्यांना चाट्याच्या हवाली केलं होतं. निघण्याआधी मृणालने मोज्यांतून तिला शेवटचं घेतलं, थोपटलं, रेवाच्या हवाली केलं. मग हात बाहेर काढले आणि उघडा तळहात काचेवर टेकवला. गोदाने त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वळून लोंबकळणारे काळे मोजे ओढत होती, त्यांत आजी शोधत होती. रेवाला तिला ओढून न्यावं लागलं.

पहिली सहाण त्याआधीच पेटीतून मृणालकडे परत आली होती. या वेळी तिला किरण लावले होते, नियमाप्रमाणे.

आता मंगळावर जाणाऱ्या प्रत्येक तुकडीला निघण्यापूर्वी मृणाल बोरगावकर भेटते. काय न्यावं, काय नेऊ नये, हे ती समजावून सांगते. ती प्रेमाने बोलते, मुली तिला मावशी म्हणतात, आणि दर तुकडीत एखाददुसरी तरी आईने दिलेली सहाण पिशवीतून काढून तिच्या हातात देते. तिच्या मेहकरच्या घरात खिडकीजवळची खोली रिकामीच आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाचा वरचा कप्पा मात्र भरला आहे. गेल्या आठवड्यात तिने खालचा कप्पा मोकळा केला.